लाडाक्काचं सांगणं

ऐका. ही गोष्ट किती जुनी ते कुणालाच नीट सांगता येत नाही. खैरमाळात एसटी थांबते तिथली ती थोरली चिंच आहे ना, तिच्या बुंध्याला आज चार माणसांची कव पुरत नाही. ती चिंच तेव्हा कुणाच्या तरी कनवटीला बांधलेला चिंचोका होती, असं म्हणतात. इतकी जुनी गोष्ट.

खैरमाळ म्हणजे काळ्या रानाचं गाव. नजर जाईल तिथवर ज्वारी. पाऊस बेताचा, ओढा चार महिने वाहणारा आणि आठ महिने नुसता गोटे दाखवणारा. माणसं ज्वारीवर जगत आणि गुरं ज्वारीच्या कडब्यावर. घरटी एखादी गाय, एखादी म्हैस, बैलजोडी. गावात लेकरांची नावं विसरणारी माणसं होती, पण कुणाच्या गाईचं नाव काय हे सगळ्यांना पाठ होतं.

त्या गावात हैबती नावाचा माणूस होता. विष खाल्लेल्या जनावरांना तो बरं करायचा. त्याला मुलगा नव्हता, एक लेक होती. तिचं नाव लाडा. लग्न होऊन सासरी गेली आणि एकोणिसाव्या वर्षी पांढरं कपाळ घेऊन परत आली. हैबतीनं तिला घरात घेतलं आणि दुसऱ्याच दिवशी गोठ्यात नेलं. रडत बसलेल्या लेकीला कामाला लावायचं, एवढंच त्याच्या मनात होतं.

त्यानं तिला आधी औषध शिकवलं नाही. आधी विचारायला शिकवलं.

"जनावर बोलत न्हाई, लाडा. त्याच्या वतीनं आपुन इचारायचं. काय खाल्लं, किती खाल्लं, कवा खाल्लं. हे तीन कळल्याबिगर औषधाला हात लावायचा न्हाई."

मग त्यानं तिला बघायला शिकवलं. ओठ उचलून हिरड्या बघायच्या. तोंडाचा वास घ्यायचा. शेण बघायचं. जनावर जिथं चरत होतं तिथलं कुंपण, बांध, उकिरडा हिंडून यायचा. कुरतडलेला पाला सापडला तर जपून ठेवायचा. एरंड कुठला, धोतरा कुठला, कण्हेर किती पोटात गेली की संपलं आणि किती गेली तर अजून आशा आहे, हे सगळं त्यानं तिला बांधावरून फिरवत दाखवलं. तो म्हणायचा, "आधी जनावर इषापासनं लांब काढायचं, मग इष जनावरातनं. आन ज्याला गिळता येत न्हाई त्याच्या नरड्यात थेंब घालायचा न्हाई. ते फुप्फुसात उतरतं आन मग आपलं औषधच जीव घेतं."

लाडा शिकली. बापापेक्षा हुशार निघाली. बघता बघता ती लाडाची लाडाक्का झाली आणि तिचं नाव बारा गावांत गेलं. जनावराच्या कुशीला कान लावला की आतला पाला तिला आपलं नाव सांगायचा, असं म्हणतात. एकदा बाजारात दावणीला उभ्या असलेल्या एका बैलाजवळून जाताना ती थांबली आणि मालकाला म्हणाली, "ह्यानं सकाळी एरंडाची पेंड खाल्लीय. अजून तुला कळलं न्हाई. मला कळलंय." बैल तेव्हा शांत उभा होता. तासाभरात त्याला जुलाब सुरू झाले. तो बैल वाचला आणि पुढं अकरा वर्षं त्यानं नांगर ओढला, असं म्हणतात.

पण खैरमाळाच्या गुरांचं खरं मरण एरंडात नव्हतं, कण्हेरीतही नव्हतं. ते होतं ज्वारीतच. ज्वारी पाण्यावाचून खुरटली, किंवा कापलेल्या धाटाच्या बुडख्याला नवे पोंगे फुटले, की त्या कोवळ्या हिरव्या पाल्यात विष उतरतं. दिसायला लुसलुशीत, खायला गोड. जनावर हावरेपणानं खातं आणि थोड्याच वेळात धापा टाकायला लागतं, झोकांड्या खातं, पडतं, पाय झाडतं. लोक म्हणत, किराळ लागली. किराळ लागलेलं जनावर बघता बघता जातं.

आणि किराळीवर औषध फक्त लाडाक्काकडं होतं.

ते औषध ती कुणासमोर करायची नाही. चुलीमागं पडदा लावून करायची. बाहेर यायचं ते काळपट हिरवं, कडू वासाचं पाणी. जनावराचं मुंडकं सरळ धरून, बांबूच्या नळकांड्यानं, घोट घोट थांबत ती ते पाजायची. वेळेत आली तर बहुतेक जनावरं उठायची. लोक तिच्या पाया पडायचे.

आता त्या औषधाची गोष्ट ऐका, कारण सगळं दुःख तिथंच आहे.

हैबती मरायला टेकला तेव्हा त्यानं सगळ्यांना बाहेर घालवलं आणि लेकीला जवळ बोलावलं. भर दुपार होती. दाराशी गाय बांधलेली होती. त्यानं लाडाला ओंजळीत पाणी घ्यायला लावलं आणि तिच्या कानात एकच शब्द सांगितला.

लाडाला वाटलं, बाप भ्रमात बोलतोय. तिनं विचारलं, "एवढंच?"

"एवढंच. पाण्यात दाट कालवायचा आन पाजायचा. वरनं कडुलिंबाचा रस आन हळद घालायची."

"ते कशाला?"

हैबती हसला. "वळखू येऊ नये म्हणून." मग त्यानं तिचं मनगट घट्ट धरलं. "कुणाला सांगायचं न्हाई. सांगितलं की गुण जातो. माझ्या बापानं मला मरताना सांगितलं, म्या तुला मरताना सांगतोय. तू पण मरताना एकालाच सांगायचं. सोड पाणी."

लाडानं पाणी सोडलं.

तो शब्द होता गूळ.

वर्षं गेली. लाडाक्काचे केस पांढरे झाले, कंबर धरली, चालताना ती डाव्या पायावर कलायला लागली. तरी बोलावणं आलं की जायची. कुणाकडून काही घ्यायची नाही. मानाचं आसन मात्र घ्यायची, पुढ्यात आलेलं ताट घ्यायची. मी गेले की या गावांचं कसं होईल, असं कधी कधी तिच्या मनात यायचं, आणि ते मनात आलं की तिला बरं वाटायचं. हे तिनंच पुढं सगळ्यांसमोर सांगितलं, म्हणून आपल्याला माहीत. नाहीतर कोण असलं सांगतं?

गावाची सगळी गुरं एकच माणूस चारायचा. त्याचं नाव नागू. उंच, काटक, कमी बोलणारा. बायको शेवंता. त्यांना मूलबाळ नव्हतं. त्रेसष्ट गुरं घेऊन सकाळी निघायचा आणि दिवस कलता परत यायचा. त्या त्रेसष्टांत त्याचं स्वतःचं जनावर एकच होतं, पवळी नावाची कालवड. तांबूस रंगाची, कपाळावर पांढरा ठिपका. शेवंतानं तिला ताकभाकरी खाऊ घालून वाढवली होती. पवळी हाक मारल्यावर दारात येऊन उभी राहायची.

नागूनं लाडाक्काला किती वेळा विचारलं असेल! गुरं पाण्यावर आली की तिच्या ओट्याशी थांबायचा.

"आक्का, दिसभर रानात म्या असतुया. तू नसलीस आन किराळ लागली तर म्या काय करू?"

"म्या कुठं जातीया?"

"तरी बी. एवढं एक सांगून ठीव."

"गुण जातो, नागू."

नागू मान हलवायचा आणि काठी उचलून जायचा. त्याला राग येत नव्हता. पुढच्या महिन्यात परत विचारायचा.

मग ते वर्ष आलं. ज्वारी कापून झाली होती. गवताचं पातं उरलं नव्हतं, कडब्याच्या गंजी अर्ध्यावर आल्या होत्या. गुरांच्या बरगड्या मोजता येत होत्या. आणि मधेच, वेळ नसताना, दोन सरी पडून गेल्या. आठ दिवसांत ओढ्यापलीकडच्या रानात ज्वारीच्या बुडख्यांना हिरवे पोंगे फुटले. सगळं रान राघूच्या पंखासारखं दिसायला लागलं.

अशात एका सकाळी उंबरखेड्याच्या पाटलाची माणसं गाडी घेऊन लाडाक्काला न्यायला आली. त्यांच्या म्हशीनं काहीतरी खाल्लं होतं. उंबरखेडं तिथून दोन कोसांवर. लाडाक्का गेली. जाताना गाडीतून तिनं ते हिरवं रान बघितलं. तिच्या मनात आलं, नागूला सांगावं, इकडं गुरं घालू नको. मग तिला वाटलं, संध्याकाळी येतेच आहे, तेव्हा सांगू.

ती गेली आणि गावकऱ्यांनी नागूला गाठलं.

"हिरवं पुढ्यात असताना गुरं उपाशी ठेवतोस व्हय?"

नागू म्हणाला, "आक्का येऊ दे. तिला इचारू."

"आक्काला काय इचारायचं? ज्वारीच हाय ती."

खोटं कशाला बोला, त्यांचीही चूक नव्हती. किराळ लागते हे त्यांना माहीत होतं, पण ती कुठल्या पोंग्यात असते आणि कधी असते, हे त्यांना कुणी कधी सांगितलंच नव्हतं. विचारायचं तर लाडाक्काला विचारायचं, असंच चालत आलेलं. नागूनं गुरं ओढ्यापलीकडं घातली. उपाशी गुरं तुटून पडली.

ऊन डोक्यावर यायच्या आत पहिली गाय पडली.

नागूनं आरडाओरडा केला, काठीनं, हातांनी, अंगानं ढकलून गुरं रानातून बाहेर काढली. माणसं धावत आली. अकरा गुरं पडली होती, बाकीची धापा टाकत उभी होती. नागूनं पागोटं कमरेला बांधलं आणि तो उंबरखेड्याच्या वाटेला पळत सुटला. तो पळाला तेव्हा त्याचे पाय जमिनीला लागत नव्हते, असं म्हणतात. वाटेतल्या धुळीवर त्याच्या पावलाचा एकही ठसा नंतर कुणाला सापडला नाही.

उंबरखेड्यात पाटलाची म्हैस उठून उभी राहिली होती. पाटलानं लाडाक्काला पाटावर बसवलं होतं, पुढ्यात पुरणपोळीचं ताट होतं. ती पहिला घास मोडत होती तेव्हा नागू अंगणात येऊन कोसळला.

"आक्का, किराळ. सगळी गुरं. अकरा पडली."

लाडाक्का उठली. पाटलानं माणसांना गाडी जोडायला सांगितलं. मग तो म्हणाला, "गाडीला येळ लागंल. माझी घोडी हाय. पर ती दोन माणसं घेत न्हाई."

लाडाक्काला घोडीवर बसता येत नव्हतं. नागूला येत होतं. नागू तिच्या पायाशी आला.

"आक्का, म्या घोडीवर जातो. पानी प्यायच्या आत पोचतो. तू फकस्त सांग काय द्यायचं."

लाडाक्कानं औषधाची पिशवी पोटाशी धरली.

"पिशवी दे तुजी. पिशवी दे, म्या नेतो."

पिशवीत कडुलिंबाचा पाला आणि हळद होती. पिशवीत काहीच नव्हतं.

तिनं ताटाकडं बघितलं. मोडलेल्या पोळीतून पुरण दिसत होतं, गुळाचं, पिवळं. एक शब्द. तोंड उघडायचं आणि म्हणायचं. तिच्या जिभेवर तो आला, असं ती पुढं सांगायची. पण त्याच्या मागोमाग बापाचा हात आला, मनगटावरची ती पकड आली, ओंजळीतून सुटलेलं पाणी आलं. आणि आणखीही एक आलं. अंगणात सगळं उंबरखेडं उभं होतं. त्या सगळ्यांसमोर गूळ म्हणायचं? मग ते म्हणतील, एवढंच? इतकी वर्षं हिच्या पाया पडलो ते एवढ्यासाठी?

ती म्हणाली, "माझा हात लागाया लागतो, नागू. म्या येते. चल."

नागूनं तिच्याकडं एकदा बघितलं. गाडी जोडून निघाली तेव्हा तो तिच्या मागं पळायला लागला.

ती वाट दोन कोसांची. पण त्या दिवशी ती लांबली, असं म्हणतात. बैल फेसाळले तरी खैरमाळ येईना. वाटेत एक वाकडी बाभळ होती. लाडाक्कानं ती बाभळ तीनदा मागं टाकलेली बघितली. तिसऱ्यांदा ती गाडीतून ओरडली, "अरे, हाणा की!" गाडीवाला म्हणाला, "हाणतुया आक्का, वाटच सरंना." तिनं पदर तोंडात घातला. दोनदा तिनं मागं वळून नागूला हाक मारायला तोंड उघडलं, आता तरी सांगावं म्हणून. पण घोडी मागं राहिली होती, आणि आता सांगून काय होणार होतं?

गाडी रानात पोचली तेव्हा चौतीस गुरं मरून पडलेली होती.

आणि पडलेल्यांत नुसती किराळीनं मेलेली नव्हती. माणसं घाबरून जे सुचेल ते करत होती. कुणी मुंडकं आभाळाकडं करून तेल ओतलं होतं, ते जनावर गुदमरून गेलं होतं. कुणी तापलेल्या विळ्यानं डाग दिले होते. कुणी उठावं म्हणून पळवलं होतं आणि ते पळता पळता ऊर फुटून गेलं होतं. लाडाक्का त्या सगळ्यांतून चालत गेली. एका गाईचा ओठ तिनं उचलला. हिरड्या लालभडक होत्या, जास्वंदीसारख्या. गाय मेलेली होती.

उरलेली एकोणतीस अजून श्वास घेत होती.

"पळवू नका!" ती ओरडली. "सावलीत घ्या. मुंडकी वर करू नका. नागू!"

नागू आला. तो धापा टाकत होता.

"गूळ आण."

नागू जागचा हलला नाही.

"गूळ?"

"गूळ. पाण्यात दाट कालवायचा. घराघरातनं आण. पळ."

"गूळ, आक्का?"

त्यानं हे दोनदाच विचारलं, असं म्हणतात. तिसऱ्यांदा विचारलं नाही. शेवंता तिथं जवळच बसली होती. तिच्या मांडीवर पवळीचं मुंडकं होतं. पवळी निपचित पडलेली, श्वास थांबलेला. शेवंतानं वर बघितलं आणि अगदी हळू म्हणाली, "गूळ तर शिंक्यात हाय की आपल्या."

लाडाक्कानं ते ऐकलं. पण थांबायला वेळ नव्हता. घागरी आल्या, ढेपा फुटल्या, माणसं हातांनी गूळ कालवायला लागली. कडुलिंब नाही, हळद नाही. उघड्यावर, सगळ्यांच्या देखत. लाडाक्का एकेकाला दाखवत होती, नळकांडं गालाच्या कडेनं कसं घालायचं, घोट गिळला का ते नरड्यावर हात ठेवून कसं बघायचं, गिळत नसेल तर कसं थांबायचं. नागू तिच्या बरोबरीनं राबला. दिवस कलेपर्यंत एकोणतीसच्या एकोणतीस उभी राहिली. शेवटचं वासरू उठलं तेव्हा मेलेल्या चौतीस गुरांनी एकदाच कान हलवले, असं म्हणतात. ते खरं की खोटं, मला माहीत नाही. ते बघितल्याचं लाडाक्का मरेपर्यंत सांगत होती.

गावानं तिला काही म्हटलं नाही. उलट लोक पाया पडले. आक्का आली म्हणून एवढी तरी वाचली, म्हणाले. तेच तिला सहन होईना. ती रोज वाट बघायची, कुणीतरी येऊन शिव्या देईल. नागू येईल. नागू आला नाही. गुरं पाण्यावर आणायचा आणि तिच्या ओट्यापुढून खाली मान घालून जायचा. आता तो काही विचारत नव्हता.

नवव्या दिवशी लाडाक्का नागूच्या दारात गेली. शेवंतानं तिला पाणी दिलं. दारात खुंटा होता, त्याला दावं तसंच होतं. लाडाक्का त्या खुंट्याशीच बसली आणि म्हणाली, "नागू, मला सगळं सांगायचंय. जे जे बापानं शिकवलं ते. कुठला पाला, किती, कवा, त्याला काय करायचं, काय करायचं न्हाई. तुला सांगते, शेवंताला सांगते, मग चावडीवर सांगते."

नागू म्हणाला, "आन गुण?"

"जाऊ दे."

"तुझ्या बापाला बोल दिलावतास."

"दिलावता," ती म्हणाली. "चुकला माझा बाप. त्याचा बाप बी चुकला. आन सगळ्यात जास्ती म्या. त्यांच्या पुढ्यात कुणी घोडी आणून हुबी केली नव्हती."

दुसऱ्या दिवशी ती चावडीपुढच्या धोंड्यावर उभी राहिली. सगळा गाव जमला. तिनं सकाळी सांगायला सुरुवात केली आणि ऊन उतरेपर्यंत सांगत राहिली. तीन प्रश्न सांगितले. किराळीचे पोंगे हातात धरून दाखवले, केवढे झाले म्हणजे गुरं घालायची आणि तोवर का थांबायचं ते सांगितलं. जी विषं तिला उतरवता येत नव्हती तीही सांगितली, आणि आजवर जे जनावर हातून गेलं त्याला मालकाचीच दिरंगाई कारण असं ती म्हणायची, ते प्रत्येक वेळी खरं नव्हतं, हेही सांगितलं. ती बोलत होती तोवर गावातल्या एकाही जनावरानं रवंथ केलं नाही, असं म्हणतात. एकोणतीसची एकोणतीस गुरं दावणीला चावडीकडं तोंड करून उभी होती.

आणि गुण खरंच गेला, असं म्हणतात. त्यानंतर लाडाक्कानं कुशीला कान लावला की तिला नुसतं पोटातलं गुडगुडणं ऐकू यायचं, इतर कुणालाही येतं तसं. पण गाव पुढं बघत गेलं. जिला कधी दोरी धरता आली नव्हती त्या सुनेच्या हातून म्हैस वाचली. आंधळ्या म्हाताऱ्यानं नुसत्या तोंडाच्या वासावरून धोतरा ओळखला. एका हातातला गुण सुटला आणि तो घराघरात गेला.

लाडाक्का मात्र घरात थांबली नाही. काठी घेतली आणि गावोगाव फिरायला लागली. जिथं गुरं पाण्याला येतात तिथं जाऊन बसायची आणि येईल त्याला सांगायची. लोक हसायचे. कुणी म्हणायचं, फुकट सांगतेस म्हणजे खोटंच असणार. ती परत सांगायची. बारा वर्षं अशी फिरली. तिचं नाव बारा गावांतून चाळीस गावांत गेलं, पण आता तिला कुणी पाटावर बसवत नव्हतं आणि पुरणपोळी तर तिनं त्या दिवसापासून तोंडाला लावली नव्हती.

शेवटी थकून ती खैरमाळात परत आली ती नागूच्याच घरी. शेवंतानं तिचं अंथरूण सोप्यात घातलं. नागू म्हातारा झाला होता. सकाळचं ऊन सोप्यात आलं की तो तिच्याजवळ येऊन बसायचा. दोघंही फारसं बोलत नसत.

एक दिवस तिनं विचारलं. बारा वर्षं जे ओठांवर होतं तेच.

"नागू, खरं सांग. तवा म्या सांगितलं असतं आन तू घोडी घेऊन आला असतास. पवळी वाचली असती का?"

अंगणात चिमण्या दाणे टिपत होत्या, नागू त्यांच्याकडं बघत राहिला. मग म्हणाला,

"ती सगळ्यात शेवटी पडली, आक्का. शेवंतानं सांगितलं. आपली गाडी ओढ्यात उतरताना पडली."

लाडाक्कानं डोळे मिटले. ती म्हणाली, "बरं केलंस सांगितलंस."

नागूनं तिच्या पायांवर घोंगडं ओढलं. तिसऱ्या दिवशी ती गेली. तिला न्यायला निघाले तेव्हा पाण्याहून परतणारी गावाची गुरं वाटेत थांबली आणि दोन्ही बाजूंना सरून उभी राहिली. कुणी हाकलली नव्हती, कुणी अडवली नव्हती, असं म्हणतात.

आता खैरमाळात नागू नाही, शेवंता नाही, त्यांचं घरही नाही. पण दर वर्षी बेंदूर, म्हणजे बैलांचा सण, झाला की दुसऱ्या दिवशी सकाळी सगळा गाव चावडीपुढं जमतो. त्याला लाडाक्काचं सांगणं म्हणतात. ज्याला जे माहीत आहे ते त्यानं धोंड्यावर उभं राहून मोठ्यानं सांगायचं. जनावराचं असो, माणसाचं असो, पिकाचं असो. मला येतं पण सांगणार नाही, असं म्हणायची त्या गावात सोय नाही. मागं एकदा गुरांच्या दवाखान्यात नवीन डॉक्टर आले. गावानं त्यांनाही धोंड्यावर चढवलं. त्यांनी किराळीवरचं इंजेक्शन सांगितलं, ते किती लवकर दिलं पाहिजे ते सांगितलं, आणि मला फोन करायला थांबू नका, आधी जनावर रानातून बाहेर काढा, असं सांगितलं. स्वतःचा नंबर दोनदा सांगितला. त्यांच्यामागून चौथीतली एक मुलगी चढली आणि पाजताना मुंडकं कसं धरायचं ते तिनं आपल्या आजोबांचं डोकं धरून दाखवलं. सगळे हसले. आजोबाही हसले.

असं दुपारपर्यंत चालतं. सगळ्यांचं सांगून झालं की गावातलं सगळ्यात म्हातारं माणूस उठतं आणि विचारतं, "आणखी कुणाचं काही राहिलंय का?"

कुणाचं राहिलेलं नसतं. तरी कुणी उठत नाही. बायका पदर सावरत नाहीत, पुरुष टोप्या घालत नाहीत, लेकरंसुद्धा चुळबुळ करत नाहीत. एका माणसाला मनाचा धीर गोळा करायला जेवढा वेळ लागेल, तेवढा वेळ सगळा गाव गप्प बसून थांबतो.